सुकतीच्या वेळी हणजूणच्या खडपावर

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही सर्वजण गोव्यातल्या बायण्याहून बोटीने ग्रांद बेटाजवळ स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे मास्क लावून नळीतून श्वास घेत पाण्याखालचे पाहायला, गेलो होतो. बोटीत जवळपास वीस माणसे होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाण्यातली दहा मिनिटे आली. सोबतच्या मार्गदर्शकाने जॅकेटची पट्टी धरून ठेवली, बिस्किटाचा चुरा पाण्यात टाकला, मासे गोळा झाले, फोटो निघाला आणि पुढच्या माणसाचा क्रमांक लागला. जुवारी आणि मांडवी या दोन्ही नद्यांची मुखे तिथून फार दूर नाहीत, आणि त्या दिवशी दोन-तीन मीटरपलीकडे हिरवट धुक्याखेरीज काही दिसले नाही. समुद्राला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नव्हता, पण परतताना दहा वर्षांच्या भाचीने, "मामा, मला फक्त बिस्किटे खाणारे मासे दिसले," असे जे सांगितले ते मला लागले. त्या दहा मिनिटांसाठी दिलेले पैसेही लागलेच, हे लपवण्याचे कारण नाही.

म्हणून या वर्षी भाऊबिजेला ताई, दाजी आणि त्यांची दोन मुले कोल्हापूरहून आमच्याकडे फोंड्याला आली, तेव्हा ओवाळणीच्या ताटात मी पाकिटाऐवजी मास्क आणि स्नॉर्कलच्या नळ्या ठेवल्या. बोट करायची नाही, ओहोटीच्या वेळी हणजूणच्या खडकांवर जायचे, आधी कोरड्या पायांनी पाहायचे आणि मग एखाद्या सुरक्षित डबक्यात तोंड बुडवून पाहायचे, असा बेत होता. हणजूणच्या किनाऱ्यावर वाळू आहे, पण तिच्या अंगाला काळ्या खडकांची लांब रांग समुद्रात शिरलेली आहे. कोकणात अशा भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ भागाला खडप म्हणतात. बहुतेक पर्यटक वाळूवरून त्याच्याकडे पाठ करून बसतात.

पहिली अडचण समुद्रात नव्हे, आमच्या न्हाणीघरात आली. मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे: पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा आहे. मुलांचे मास्क चिकटले, माझाही चिकटला, दाजींचा मात्र लगेच खाली आला. दाजींच्या मिशा कोल्हापूरच्या आहेत एवढे सांगितले म्हणजे पुरे. सिलिकॉनची कड कातडीला लागायला हवी, तिच्यात केस आले की तेवढ्या फटीतून पाणी आत येते. मिशा उतरवण्याची सूचना माझ्या मुलीने केली, ती कोणी ऐकलीच नाही असे सर्वांनी दाखवले. शेवटी वरच्या ओठावर व्हॅसलीनचा जाड थर देऊन मिशा दाबून बसवण्याचा उपाय केला आणि तो पूर्ण नसला तरी पुष्कळसा उपयोगी पडला.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला एक अदृश्य थर असतो, तो काढला नाही तर पाण्यात शिरल्याबरोबर काच धूसर होते. आम्ही काचेला आतून साधी टूथपेस्ट चोळली, धुतली आणि पुन्हा चोळली. एवढे करूनही श्वासाची वाफ थंड काचेवर जमतेच, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी काचेवर थुंकून ती विसळण्याची रीत आहे. ही रीत सांगितल्यावर आईने मुलांसमोर मला जे सुनावले त्यानंतर आम्ही बेबी शांपूचा एकेक थेंब वापरायचे ठरवले. दुकानात पूर्ण चेहरा झाकणारा मास्कही दाखवला होता आणि मुलांना तोच हवा होता, परंतु त्यात उच्छ्वासाची हवा आतच साठून पुन्हा श्वासात येण्याचा धोका असतो, आणि पाणी शिरले तर मुलाला तो एका झटक्यात काढता येत नाही, म्हणून मी तो घेतला नाही.

नळीतून श्वास घेणे ऐकायला क्षुल्लक वाटते. सात वर्षांच्या भाच्याने मोठ्या टबात तोंड घातले आणि दुसऱ्याच क्षणी घाबरून वर काढले, कारण पाणी चेहऱ्याला लागले की श्वास रोखण्याची आपली सवय उपजत आहे आणि तोंडाने श्वास घेणे आपण सर्दीखेरीज सहसा करत नाही. तो घाबरून लहान लहान श्वास घेऊ लागला की नळीतली तीच वापरलेली हवा आत-बाहेर होत राहते आणि त्याला आणखीच गुदमरते, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग मी त्याला चारपर्यंत मोजत श्वास घ्यायला आणि सहापर्यंत मोजत सोडायला सांगितले. नळीत पाणी आले तर "फू" करून एका फुंकरीत उडवायचे, हा भाग त्याला इतका आवडला की न्हाणीघराचे छत ओले झाले. तृतीयेचा अख्खा दिवस असा टबात गेला. खरे तर द्वितीया-तृतीयेला पाणी जास्त खाली गेले असते, कारण अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाचा जोर असतो आणि जेवढी भरती मोठी तेवढी ओहोटीही खोल असते. पण पोहण्याआधी श्वास जमणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

जाण्याची वेळ ठरवण्यावरून घरात दोन पक्ष झाले. माझी आई वेंगुर्ल्याची आहे आणि तिच्या वडिलांचे अर्धे आयुष्य मचव्यावर गेले. तिच्याकडे भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, म्हणजे तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे पावणेनऊला पूर्ण ओहोटी. माझ्यासमोरचा भरती-ओहोटीचा तक्ता मात्र मुरगाव बंदरासाठी आठच्या सुमाराची ओहोटी दाखवत होता. मी आईला हा फरक दाखवला, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, पाणी हिशेब बघना नाय, तासभर आधी सुकता. आणि ते तासभर आधीच निघायचे." ओहोटीला ती सुकतीच म्हणते.

नंतर या तासभराचे कारण माझ्या लक्षात आले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्याचे पाणी मुंबईच्या सुमारे तासभर आधी चढते आणि तासभर आधी उतरते. पाऊणपटीचा हिशेब मुंबईकडच्या पाण्याशी चांगला जुळतो. आजोबांनी तो हिशेबही जपला आणि स्वतःच्या पाण्याचा अनुभवही, दोन्हींत भांडण लावले नाही. तक्ता पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती अशी की इथल्या दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. एकीत पाणी बरेच खाली जाते, दुसरीत नावापुरतेच. तेव्हा नुसती वेळ पाहून चालत नाही, त्या वेळेसमोरची पातळीही पाहावी लागते. आदल्या रात्री मी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांसंबंधीचा इशाराही पाहिला, कारण आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाची लाट किनाऱ्यावर येऊन आदळू शकते.

फोंड्याहून हणजूण पणजी-म्हापसामार्गे पन्नासएक किलोमीटर आहे. आम्ही पहाटे पाचला निघालो आणि सव्वासहाच्या सुमारास, उजेड फुटत असताना पोहोचलो. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचण्याचे कारण असे, की उतरत्या पाण्यामागून चालत जावे आणि पाणी वळले की त्याच्या आधी परत फिरावे. सर्वांच्या पायांत जुने कॅनव्हासचे बूट होते, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे होते आणि पिशवीत गोड्या पाण्याच्या चार बाटल्या, साबण, मलमपट्टी आणि आईची छत्री होती. आईने सर्वांत वरचा, कोरडा आणि सपाट दगड निवडला, त्यावर बैठक मारली आणि तिथून दहा पावलांवरचा एक कुबड आलेला खडक आम्हाला दाखवला. "त्या कुबड्याच्या पायाला पाणी लागले की मी हाक मारीन. पहिल्या हाकेला परत फिरायचे, दुसरी मारणार नाही." मी तक्ता, इशारा, घड्याळ असे सर्व घेऊन आलो होतो, पण त्या सकाळी आमचे खरे मोजमाप तो कुबडा होता.

खडप दुरून एकसारखे काळे दिसते. जवळ गेल्यावर ते पट्ट्यापट्ट्यांचे आहे हे कळते, आणि एकदा कळले की न कळण्याची सोय राहत नाही. वरच्या पट्ट्यात, जिथे क्वचितच पाणी पोहोचते, तिथे मोहरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगांत गर्दी करून बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकलची पांढरट, खरखरीत साल खडकावर चढलेली असते. त्याखाली कालवांचा पट्टा, आणि सर्वांत खाली, जिथे पाणी जेमतेम एक-दोन तास बाजूला होते, तिथे हिरवे-तपकिरी शेवाळ आणि मऊ, रबरासारख्या जीवांचे गालिचे असतात. कोण कुठे राहणार हे कोण किती वेळ कोरडे राहू शकतो यावर वरच्या बाजूने ठरते, आणि खालच्या बाजूला बहुधा कोण कोणाला खातो वा ढकलतो यावर. ताईने ही मांडणी पाहून, "हे आमच्या चाळीसारखे आहे, पाणी वरच्या मजल्याला शेवटी," असे म्हटले. चाळीत वरच्यांची तक्रार असते, इथे खालच्यांनाच शेजाऱ्यांचा त्रास अधिक, एवढाच फरक मला दिसला.

बार्नॅकलने मुलांचा सर्वांत अधिक वेळ घेतला, हे मला अनपेक्षित होते. तो शिंपल्यासारखा दिसतो म्हणून मी आयुष्यभर त्याला शिंपल्यांच्या कुळातला समजत होतो. प्रत्यक्षात तो खेकडा आणि कोळंबी यांचा नातेवाईक आहे. पिलू असताना तो पाण्यात पोहतो, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने स्वतःला खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचे घर बांधतो आणि उरलेले आयुष्य पाय बाहेर काढून पाण्यातले अन्न तोंडाकडे ओढण्यात घालवतो. ओहोटीत घराची दारे घट्ट मिटलेली असतात. भाच्याने एका ओल्या खळग्यात तोंड खाली घालून पाहिले, तेव्हा त्याला ती पिसासारखी पावले आत-बाहेर होताना दिसली आणि त्याने सर्वांना ओरडून बोलावले. आम्ही सात माणसे एका वाटीएवढ्या पाण्याभोवती वाकलो, आणि आमच्या सावल्या पडताच सर्व दारे बंद झाली. त्यानंतर सूर्याकडे पाठ करून वाकायचे नाही, हा नियम मुलांनी स्वतःच केला.

आमचे नियम आधी मीच ठरवले होते आणि ते थोडेच होते. हिरव्या भागावर पाय ठेवायचा नाही, कारण तो निसरडा असतो. समुद्राकडे पाठ करायची नाही. दगड उलटवला तर खाली काय आहे ते पाहून तो होता तसाच, त्याच बाजूने पुन्हा ठेवायचा, कारण दगडाखालचे जीव अंधाराचे आणि ओलाव्याचे असतात आणि उघड्यावर राहिले तर मरू शकतात. कोनासारख्या, नक्षीदार शंखाला हात लावायचा नाही, त्यात जिवंत प्राणी असेल तर त्याचा विषारी दंश माणसालाही घातक ठरू शकतो. मऊ गालिच्यांना उघड्या जखमेचा हात लावायचा नाही, कारण त्यांपैकी काहींत तीव्र विष असते. आणि काहीही घरी न्यायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ, समुद्री काकडी आणि काही प्रकारचे शंख संरक्षित केलेले आहेत हे मी सांगितले, परंतु सात वर्षांच्या मुलाला कायदा सांगून उपयोग नसतो हेही मला ठाऊक होते.

सातच्या सुमाराला एक बाई कोयती आणि डबा घेऊन खडपावर आली आणि आमच्याकडे न पाहता कालवांच्या पट्ट्यात बसली. आईने तिच्याशी बोलायला सुरुवात केली, एक मालवणीत आणि दुसरी कोंकणीत, आणि दोघींना एकमेकींचे सर्व समजत होते. कोयतीच्या टोकाने कालवाचे वरचे कवच उडवायचे, मांस अलगद काढायचे आणि खालचे कवच खडकालाच राहू द्यायचे, हे त्या बाईचे हात इतक्या वेगाने करत होते की डब्याच्या तळाशी मांस जमताना दिसेपर्यंत काही घडते आहे हेच कळले नाही. आई म्हणाली की तिच्या लहानपणी वर्षातून काही दिवस घरात फक्त कालवांचे तिखले असायचे आणि ती कंटाळायची. आता बाजारात त्याचा भाव विचारायची तिची हिंमत होत नाही. जाताना त्या बाईने डावीकडच्या एका उताराकडे बोट दाखवून तिकडे मुलांना नेऊ नका, तिथे लाट वळून येते, असे बजावले.

त्याच कालवांनी आम्हाला सकाळचा एकमेव अपघात दिला. भाचा घसरला, खाली पडला नाही, पण टेकलेल्या गुडघ्यावर ब्लेडने ओढावे तशा दोन रेघा उमटल्या. कालवांच्या कडा धारदार असतातच, शिवाय समुद्राच्या पाण्यातले जंतू अशा जखमेत शिरले तर ती चिघळते. म्हणून खारट पाण्यानेच ती धुऊन काढण्याचा दाजींचा आग्रह मी मानला नाही आणि एक अख्खी बाटली गोडे पाणी आणि साबण वापरून ती स्वच्छ केली. यानंतर त्याला डबक्यात उतरवायचे नाही, असे ताईने ठरवले. त्याने फारसा विरोध केला नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवे होते. तो आजीशेजारी बसून खिशातल्या हाताने काहीतरी चाळवत होता.

आठच्या सुमारास पाणी स्थिर झाले. खडपाच्या आतल्या बाजूला एका खोलीएवढे डबके आम्ही आधीच हेरून ठेवले होते. समुद्राच्या बाजूला त्याला खडकांचा बांध होता, सर्वांत खोल जागी पाणी माझ्या कमरेइतके होते आणि मुलींच्या छातीइतके. मी खात्रीसाठी वाळूवरच्या जीवरक्षकाला विचारायला गेलो. त्याने येऊन डबके पाहिले आणि इथे चालेल, पण बांधाच्या पलीकडे एक पाऊलही नाही, असे स्पष्ट सांगितले. खडकांजवळ लाटेने माणूस आपटतो आणि पोहता येण्या-न येण्याचा तिथे काही संबंध उरत नाही, हे त्याचे म्हणणे होते. थोड्या वेळाने दाजी फोटोसाठी बांधावर चढले तेव्हा त्याची शिट्टी वाजली आणि दाजी निमूटपणे खाली उतरले. मुलींना डबक्यातही जॅकेट घातले होते. ते पोहण्यासाठी नव्हते, तर पाण्यावर आडवे राहणे सोपे जावे आणि पाय तळाला लागू नयेत यासाठी होते.

पाय तळाला लागणे हीच पहिली चूक ठरली. आम्ही चौघेजण एकदम उतरलो, चारही जणांच्या बुटांनी तळाचा गाळ उठवला आणि मास्कमधून ताकासारखे पाणी दिसू लागले. माझ्या मनात ग्रांद बेट आले. मग सर्वांना बाहेर काढले, गाळ बसेपर्यंत दहा मिनिटे थांबलो आणि एकेकाने कडेवरून पोटावर सरकत पाण्यात शिरायचे, हात शरीराशी ठेवायचे आणि हलायचेच नाही, असे केले. पहिली दोन-तीन मिनिटे तरीही काही दिसले नाही. रिकामे डबके, तपकिरी शेवाळ, आणि नळीतून येणारा स्वतःच्याच श्वासाचा मोठा आवाज.

नंतर दिसू लागले, आणि ते कुठून आले असे म्हणता येणार नाही, कारण ते तिथेच होते. वाळूचा एक तुकडा सरकला आणि तो लहान गोबी मासा निघाला. काचेसारखी पारदर्शक कोळंबी, जिचे फक्त डोळे आणि पोटातला ठिपका दिसतो, माझ्या बोटाजवळ येऊन बोटावरची कातडी चाचपू लागली. नखाएवढी, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेली सार्जंट मेजर माशाची पिले एका कपारीत थव्याने उभी होती. एका भेगेत सी-ॲनिमोन होता. खडकावर वर तोच प्राणी आम्ही ओल्या जेलीच्या गोळ्यासारखा मिटलेला पाहिला होता, आणि इथे पाण्याखाली त्याची सर्व बोटे उघडून हलत होती. माझ्या मुलीने डोके वर काढून एवढेच म्हटले, "वरचा तो झोपलेला होता," आणि पुन्हा तोंड खाली घातले.

भाचीने तळहाताएवढा खेकडा पाहिल्याचे सांगितले आणि तो मी पाहिला तेव्हा दोन बोटांएवढा होता. यात तिचा खोटेपणा नाही. मास्कच्या काचेमागे हवा असते आणि पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, त्यामुळे पाण्यातली प्रत्येक वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. आईला हे सांगितले तेव्हा तिला खूप आनंद झाला. समुद्रात सर्व काही पाऊणपटच असते, असा निष्कर्ष तिने काढला, आणि तो चुकीचा आहे हे समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र दाजींनी पाहिली. त्यांच्या मास्कमध्ये दर दोन मिनिटांनी ओठापर्यंत पाणी भरत होते, ते उठून ते ओतत होते, पुन्हा व्हॅसलीन लावत होते, आणि या सगळ्या उपद्व्यापामुळे ते इतरांपासून दूर, डबक्याच्या उथळ टोकाला एकटेच पडले होते. त्यांनी एकदा न उठता नुसता हात वर केला. मी हळूहळू सरकत गेलो. शेवाळाच्या झुडपात, शेवाळाच्याच रंगाचा, मऊ आणि लांबट असा एक जीव चरत होता, आणि डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगे होती. इंग्रजीत त्याला सी हेअर म्हणतात, म्हणजे समुद्री ससाच. ही कवच जवळजवळ गमावलेली गोगलगाय आहे. आम्ही कोणीही त्याला हात लावला नाही, पण मुली घाईने जवळ आल्या आणि एकीचा हात शेवाळाला लागला. त्याच क्षणी त्याच्या अंगाखालून जांभळा रंग निघाला आणि पाण्यात धुरासारखा पसरत गेला. एवढ्या दाट रंगाने कोणीही भांबावेल, आणि त्याला तेच हवे असते. रंग विरल्यावर तो तिथेच होता, पुन्हा चरू लागला होता. बाहेर आल्यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मिशांवरची व्हॅसलीन पुसायचेही त्यांना सुचले नाही.

नऊ वाजून गेल्यावर आईची हाक आली. कुबड्याच्या पायाला पाणी लागले होते. मला डबक्यात काहीच बदल जाणवला नव्हता, आणि फसगत होते ती इथेच. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ अंदाज दर्यावर्दी लोक वापरतात. पहिला तास माणसाला निवांत करतो आणि तिसरा तास त्याला खडकावर अडकवतो. आम्ही सामान आवरून वाळूवर आलो तेव्हा बांधाच्या एका फटीतून पाणी डबक्यात पहिल्यांदा ओघळू लागले होते.

म्हापशाला भाजी-पाव आणि मिरची भजी मागवून आम्ही बसलो असताना, भाच्याने खिशातून हात बाहेर काढला आणि टेबलावर एक शंख ठेवला. तो रिकामा होता, खडपावर वर पडलेला होता, जिवंत काही न्यायचे नाही असे मामा म्हणाला होता आणि शंख जिवंत नसतो, असा त्याचा युक्तिवाद होता. तो संपेपर्यंत शंख उठला आणि चटणीच्या वाटीकडे चालू लागला. आत संन्यासी खेकडा होता. मागच्या मऊ अंगाला स्वतःचे कवच नसल्याने तो दुसऱ्याच्या टाकलेल्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणजे खरोखर रिकामा असलेला शंखही कोणाचे तरी पुढचे घर असतो, हे नियम करताना मी सांगायला विसरलो होतो.

भाचा रडू लागला. परत जायला हवे, हे कोणी म्हटले नाही आणि कोणाला म्हणावेही लागले नाही. दाजींनी आपला रुमाल ओला केला, शूजमध्ये अडकून आलेले शेवाळ त्यात घातले आणि खेकड्याला त्या पुरचुंडीत ठेवून डब्यात बंद केले. डब्याचे झाकण मुलीने वाटभर किलकिले धरले.

पुन्हा हणजूणला पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. ओहोटीला जवळपास चार तास उलटून गेले होते, म्हणजे बारांपैकी नऊ भाग पाणी चढलेले होते. खडप नव्हते. जिथे आम्ही पोटावर सरकलो होतो, जिथे त्या बाईने कालवे काढली होती, तिथे लाटा सरळ आत येत होत्या आणि वाळूवर माणसांची गर्दी होती. कुबड्याचा फक्त माथा मधूनमधून दिसत होता. भाचा बराच वेळ डबके शोधत उभा राहिला. आईने त्याचा हात धरला, तिच्या सकाळच्या बैठकीच्या दगडापर्यंत त्याला नेले आणि पाण्याच्या कडेला, लाट येऊन जात होती अशा एका भेगेत खेकड्याला ठेवायला सांगितले. त्याने शंख ठेवला. दोन लाटा येऊन गेल्या, शंख हलला नाही. तिसऱ्या लाटेनंतर त्यातून पाय बाहेर आले, आणि तो भेगेच्या आत, खालच्या अंगाला सरकत गेला.